आळ थंडीवर, शिक्षा झुडपाला

भिलाईत डिसेंबर निम्मा सरला की बागवाल्या मंडळींचा एक निकाल ठरलेला असतो. कुणाच्या फाटकाशी कुंडीतला एक्झोरा पिवळा पडलेला असतो, कुणाच्या अबोलीची पानं काळवंडलेली असतात. बघणारा मान हलवतो आणि म्हणतो, "कोकणातली झाडं ही, इथल्या थंडीत कशी तगणार? जे इथलं तेच लावावं." पूर्वी हे वाक्य सल्ला म्हणून यायचं, हल्ली धोरण म्हणून येतं. वसाहतीच्या बागेत काय लावावं, पुष्पप्रदर्शनात कशाचं कौतुक करावं, शाळेच्या आवारात कोणती रोपं न्यावीत, कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर एकच: स्थानिक.

हे म्हणणारी माणसं उथळ नाहीत. त्यांना झाडांचं कळतं, जंगलांची हालत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. म्हणूनच त्यांचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं. त्यात चार मुद्दे आहेत. एक, उष्ण आणि दमट हवेतली झुडपं थंडीच्या मुलखात जगत नाहीत, तेव्हा ती आणणं म्हणजे रोपाचा जीव घेणं. दोन, जगवायचीच म्हटलं तर पाणी, पैसा आणि श्रम वाया जातात. तीन, त्यातलं एखादं रुजलंच तर उद्या मोकाट सुटतं आणि जंगल गिळतं. चार, हा सगळा गावच्या आठवणींचा लळा आहे, बागकामाशी त्याचा संबंध नाही.

पहिला मुद्दा भलत्याच आरोपीला पकडतो, दुसरा अर्धाच हिशेब मांडतो, तिसरा खरा आहे पण चुकीच्या झाडाला लावला जातो आणि चौथा मुद्दा नाहीच, टोमणा आहे. एकेक घेऊ.

भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० ते १२ अंशांच्या आसपास राहतो, उत्तरेकडून थंडीची लाट आली तर त्याखालीही उतरतो. पण हिमकण भिलाईत पडत नाहीत. ते पडतात सरगुज्यातल्या मैनपाटच्या पठारावर, कवर्ध्यापलीकडे चिल्फीच्या घाटात. तिथं धानाच्या पेंढ्यावर आणि गवतावर पहाटे पांढरा थर धरतो, त्याचे फोटो रायपूरच्या वर्तमानपत्रांत छापून येतात आणि इकडच्या माणसाला आपल्या कुंडीतही बर्फ झाल्याचा भास होऊ लागतो.

'थंडीनं झाड मेलं' या एका वाक्याखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, गोठणं. पारा शून्याखाली गेला की पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फ धरतो, तो पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी आतून वाळून मरते. दुसऱ्या गोष्टीत बर्फाचा संबंधच नसतो. केळी, कोको, मिरवेल अशा उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या पेशींची पातळ आवरणं १० ते १२ अंशांखाली ताठरतात, त्यांतून क्षार झिरपू लागतात, पानाचं काम मंदावतं, ते काळपट पडतं. जळगावच्या केळी बागायतदाराला हे शिकवावं लागत नाही. केळीच्या हवामान आधारित पीक विम्यात सलग ३ दिवस ८ अंश किंवा त्याखालचं तापमान हा भरपाईचा निकषच आहे.

भिलाईच्या कुंड्यांत घडतं ते हे दुसरं. त्यानं पानं जातात, कोवळे शेंडे जातात, पण चांगलं रुजलेलं खोड सहसा मरत नाही. फेब्रुवारी सरता सरता बुंध्याकडून नवी फूट येते. अडचण इतकीच की तोवर 'मेलं' म्हणून माळ्यानं ते उपटून कचऱ्याच्या ढिगावर टाकलेलं असतं. नखानं साल जराशी खरवडली तर आत हिरवं आहे की नाही ते लगेच कळतं. एवढी तसदी न घेता दिलेल्या निकालाला अनुभव म्हणायचा असेल तर म्हणा.

आता आकड्यांकडे. रोपाच्या चिठ्ठीवर 'किमान १० अंश' छापलेलं असतं, वर्तमानपत्रात 'किमान ९' येतं, झालं, सुनावणी संपली. पण हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. त्याला उघडं आकाश दिसत नाही, अंगणातल्या झुडपाला दिसतं. निरभ्र आणि पडलेल्या वाऱ्याच्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात, त्यामुळे पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. म्हणूनच गवताच्या पातळीवरचं किमान तापमान वेगळं मोजण्याची रीत आहे. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या जेटीवर आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठतं त्या पहाटे गावातल्या वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो. तलावाचा भाग खोलगट आहे, थंड जड हवा उतारानं येऊन तिथं साचते. एकाच गावात, एकाच पहाटे, दोन हवामानं.

भिलाईतल्या कुठल्याही क्वार्टरच्या अंगणात हीच गोष्ट छोट्या मापात दिसते. जानेवारीत उजाडण्याच्या सुमाराला बाहेर या. उघड्यावर लावलेल्या गाडीची काच दवानं ओघळत असते. पोर्चखालच्या गाडीची काच कोरडी असते. दोघींच्या मधे चार पावलांचं अंतर आहे. पोर्चच्या छतानं खालच्या गाडीची उष्णता आकाशात जाऊ दिली नाही, एवढाच फरक. झुडूप त्या छताच्या कडेखाली, दिवसभर ऊन खाल्लेल्या दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलं, तर छापील आकडा ९ असला तरी झुडपाला ९ अंशांची रात्र भोगावी लागत नाही. मग ज्या आकड्याच्या जोरावर झाडाला हद्दपार करायचं तो आकडा मुळात कुठल्या जागेचा, हे तरी विचारायला नको का?

त्यातही गंमत अशी की भिलाईतली बरीच झुडपं डिसेंबरात दिसतात तशी होतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या कारभारामुळे. दिवाळीच्या साफसफाईत माळी कात्री चालवतो, मग मूठभर युरिया नाहीतर डीएपी टाकतो. त्या जोरावर झुडूप लुसलुशीत फूट काढतं आणि ती नेमकी थंडीच्या तोंडाशी सापडते. पक्कं पान जी रात्र सहज काढतं त्या रात्री कोवळा शेंडा करपतो. शिवाय पाणी. मे महिन्यातला पाइप जानेवारीतही त्याच वेळी, तेवढाच वेळ चालू असतो. थंडीत मुळं फारसं पाणी उचलत नाहीत, कुंडीतली माती ओली ती ओलीच राहते, मुळं कुजतात, पानं गळतात. पानं गळताना सगळ्यांना दिसतात, मुळं कुजताना कुणाला दिसत नाहीत, म्हणून खापर थंडीवर.

तिसरी गोष्ट रोप आलं कुठून त्याची. इथल्या नर्सऱ्यांतला बराच माल राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येतो. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या ऊबदार, दमट हवेत, हिरव्या जाळीखाली, भरपूर खुराकावर वाढलेलं ते रोप. नोव्हेंबरात पुष्पप्रदर्शनांचा हंगाम म्हणून ते आणायचं, थेट गच्चीवरच्या उघड्या थंडीत ठेवायचं आणि जानेवारीत हवामानाला दोष द्यायचा. तेच रोप जुलैत आणलं असतं तर पावसाळाभर त्यानं मुळं पसरली असती, थंडी हळूहळू वाढताना पानं जून झाली असती. झाड चुकीचं नव्हतं, महिना चुकीचा होता.

आणि एक्झोऱ्याचं तर वेगळंच. कोकणात पेंटगूळ म्हणून कुंपणाला लागणारं हे झुडूप जांभ्या दगडाच्या आम्ल मातीत वाढलेलं. त्याचं पिवळं पान हातात घेऊन पाहा. शिरा हिरव्या असतात, शिरांमधला भाग पिवळा असतो आणि हे आधी नव्या पानांवर दिसतं. ही थंडीची खूण नव्हे, लोहाची उपासमार आहे. लोखंडाच्या गावात झाडाला लोह कमी पडावं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण कारण पायाखालीच आहे. दुर्ग-रायपूरच्या पट्ट्याखाली चुनखडक पसरलेला आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी नंदिनीच्या खाणींतून मिळते, जामुलला सिमेंटचा कारखाना उभा राहिला तो याच दगडाच्या भरवशावर. या खडकातून वर येणारं बोअरचं पाणी जड असतं. कुंडीच्या काठावर जी पांढरी पुटं धरतात ती त्याचीच. असं पाणी वर्षभर घातलं की माती अल्कधर्मी होते, मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. थंडीत मुळांचा वेग आणखी मंदावतो आणि आजार उठून दिसतो, इतकाच थंडीचा सहभाग. पावसाचं साठवलेलं पाणी, भरपूर पालापाचोळ्याचं खत आणि गरज पडली तर चिलेट स्वरूपातलं लोह, एवढ्यानं नवी पानं हिरवी येतात. तीही भर थंडीत. मग आता आरोपी कोण?

थंडीच्या मुलखात ऊबदार हवेतलं झुडूप जगतच नाही, या विधानाला सर्वांत सणसणीत उत्तर मात्र भिलाईत नाही, भिलाईच्या पोरांनी जिथं संसार थाटले तिथं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो. तिथल्या मराठी, तेलुगू, तमिळ घरांत कढीपत्त्याच्या कुंड्या वर्षानुवर्षं जगतात. रात्री १० अंशांकडे झुकू लागल्या की कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीशी जाते. पाणी जवळजवळ बंद होतं. पानं गळतात, झुडूप काड्यांवर येतं, घरातलं कुणीही घाबरत नाही. वसंतात हिमाची भीती टळली की कुंडी पुन्हा बाहेर. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक नकाशा आहे, वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवर देशाचे १३ पट्टे पाडणारा. २०२३ साली तो नव्यानं आला आणि देशाचा जवळपास निम्मा भाग अर्ध्या पट्ट्यानं ऊबदार झालेला निघाला. त्या नकाशाच्या लेखी न्यू जर्सीत कढीपत्ता बसत नाही. फोडणीत रोज बसतो.

त्याच नकाशाची पट्टी भिलाईला लावली तर उलटीच फजिती होईल. हिवाळ्यातल्या किमान तापमानाच्या हिशेबात भिलाई आणि रत्नागिरी फार लांब पडणार नाहीत. पण रत्नागिरीत मे महिन्यात हवेला समुद्राची ओल असते, भिलाईत ४४ अंशांची कोरडी लू वाहते. अबोलीचा आणि एक्झोऱ्याचा खरा वैरी ती लू. थंडी पानं काढून घेते, लू झाड घेऊन जाते. पण उन्हाळ्यात सगळंच करपतं, म्हणून तेव्हा कुणी 'हे इथलं नाही' असं म्हणत नाही. हिवाळ्यात शेजारचा झेंडू आणि शेवंती टवटवीत असतात, म्हणून एका झुडपाचं पिवळेपण डोळ्यांत खुपतं. निकाल झाडाच्या प्रकृतीवर लागत नाही, शेजाऱ्याशी केलेल्या तुलनेवर लागतो.

इथं आमच्या बाजूच्या मंडळींनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. 'हळूहळू सवय होते' हे त्यांचं लाडकं वाक्य. नर्सरीवाला तेच म्हणतो, कारण त्याला रोप खपवायचं असतं. थंडी हळूहळू वाढली तर झाड त्या हंगामापुरतं थोडं काटक होतं हे खरं, पण उष्ण कटिबंधातल्या झुडपांची ती ताकद फार थोडी असते आणि ती पुढच्या पिढीत उतरत नाही. उतरते असं ठासून सांगणारा एक माणूस होऊन गेला. त्याच्या देशाशी भिलाईचं नातं जुनं आहे. पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली सोव्हिएत संघाशी झाला तेव्हा तिथल्या शेतीशास्त्रावर त्रोफिम लिसेन्कोचं वजन होतं. झाडाला हवामानाचं शिक्षण द्यावं, त्यानं शिकलेलं त्याच्या बियांत उतरतं, हे त्याचं म्हणणं. आनुवंशिकी मानणारे शास्त्रज्ञ त्या काळात देशोधडीला लागले आणि जगभरची बियाणी गोळा करणारा निकोलाय वाविलोव १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मेला. झाडं मात्र लिसेन्कोचं काही शिकली नाहीत. त्याच देशात लिंबाची झुडपं खंदकात लावून हिवाळ्यात वरून झाकण्याची पद्धतही होती. ती चालली, कारण तिथं झाडाला बदलण्याचा हट्ट नव्हता, जमिनीच्या पोटातली ऊब वापरली होती. धडा सरळ आहे. झाड सुधारत नाही, जागा सुधारता येते. जो ही मेहनत करणार नाही त्यानं खरोखरच ही झुडपं लावू नयेत. तेवढ्यापुरता मी विरोधकांच्या बाजूला.

दुसरा मुद्दा वायफळ खर्चाचा. कुंडीतल्या एका झुडपाला हिवाळ्यात किती पाणी लागतं? आधीच सांगितलं, जेवढं कमी तेवढं बरं. रात्री झाकायला जुनं सुती लुगडं किंवा गोणपाट पुरतं. ते पानांना टेकू नये म्हणून चार काठ्या रोवाव्या लागतात. प्लास्टिक वापरलं तर ते जिथं पानाला चिकटतं तिथंच पान करपतं, म्हणजे महाग वस्तू इथं निरुपयोगीच. आता हे बोलणाऱ्यांच्या अंगणाकडे पाहा. तिथं बहुधा लॉन असतं. तांदुळ्याच्या कालव्यानं मरोद्याच्या तलावात आलेलं पाणी तिथून नळानं घरोघर पोचतं आणि भर मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ त्या गवतावर फवारलं जातं. ते गवत इथलं नाही, त्यावर पाखरू बसत नाही, त्याला फूल येत नाही, तरी त्याच्याविरुद्ध ठराव होत नाही. खर्चाचा मुद्दा खरा असेल तर तो सगळ्यांत मोठ्या खर्चापासून सुरू व्हावा. कुंडीपासून सुरू होतो तेव्हा समजावं, प्रश्न पाण्याचा नाही.

तिसरा मुद्दा गंभीर आहे, आणि त्याची टर उडवणारे झाडांचे मित्र नव्हेत. घाणेरी, जिला विदर्भात आणि इकडे रायमुनिया म्हणतात, ती उष्ण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकात शोभेचं झुडूप आणि कुंपण म्हणून ती भारतात आली. पाखरांनी तिची फळं खाल्ली, बिया जंगलभर पेरल्या, आणि आज मध्य भारताच्या जंगलात मैलोन् मैल तिच्याखाली गवत उगवत नाही. गुरांना ती विषारी. जलकुंभीही शोभेसाठीच आणली गेली, आता तळी झाकते. या अनुभवानंतर नव्या झाडाकडे संशयानं पाहणं योग्यच आहे.

पण हा संशय कुणावर घ्यायचा? घाणेरी मोकाट का सुटली? तिला इथलं हवामान मानवलं म्हणून. पाणी घालावं लागलं नाही, झाकावं लागलं नाही, खत लागलं नाही. जंगल गिळणाऱ्या प्रत्येक पाहुण्या झुडपाची ओळख हीच आहे: त्याला माणसाची गरज नसते. आणि ज्या झुडपाला जानेवारीत भिंतीच्या आडोशाला घ्यावं लागतं, ज्याच्यासाठी पावसाचं पाणी साठवावं लागतं, माळी महिनाभर गावी गेला तर जे वाळून जातं, ते बस्तरचं जंगल काय गिळणार? म्हणजे विरोधकांचा पहिला आणि तिसरा मुद्दा एकमेकांना खाऊन टाकतात. झाड एकतर इथं जगत नाही, नाहीतर जग जिंकतं. एकाच कुंडीवर दोन्ही आरोप कसे ठेवता? 'हवामानाला मानवणारं तेच लावा' हा नियम आंधळेपणानं पाळला तर उद्याची घाणेरी त्याच दारातून आत येईल, कारण त्या परीक्षेत ती पैकीच्या पैकी गुण घेते.

यावर एक रास्त शंका निघते. हिवाळे ऊबदार होत चालले आहेत, आज जे थंडीनं अडतं ते उद्या अडणार नाही. बरोबर. म्हणूनच नजर ठेवावी ती बियांवर. पाखरं फळं खातात का, कुंडीबाहेर आपोआप रोपं उगवतात का, तोडलेलं झुडूप मुळातून पुन्हा फुटतं का? ज्याच्या बाबतीत तिन्ही उत्तरं 'हो' आहेत ते मूळचं कुठलंही असो, आवारात ठेवू नये. दुसरी शंका रोगकिडीची, आणि तीही खोटी नाही. लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त करणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा वाहक असलेली सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्यावर पोसली जाते. त्यामुळेच ताजा कढीपत्ता सामानात घेऊन अमेरिकेत उतरणाऱ्याची पुडी विमानतळावर जप्त होते. नागपूरची संत्री आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहेत. तेव्हा गावाहून येताना पिशवीत घालून आणलेली मातीसकट मुळी, कुणाच्या बागेतून चोरलेली फांदी, हे बंद व्हायला हवं. रोप खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावं आणि काही दिवस इतर झाडांपासून वेगळं ठेवावं. पण ही शिस्त झालं तर बाभळीच्या रोपालाही लागू आहे. ती मूळ मुलूख विचारत नाही, तब्येत विचारते.

राहिला टोमणा. 'गाव सुटलं, आता कुंडीत कोकण वसवताय.' समजा वसवतो. भिलाईच्या वसाहतीत देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून माणसं आली. मल्याळी घराच्या दारात काय असतं, बंगाली घराच्या मागे काय असतं, आंध्राच्या घरी गोंगुरा कुठं वाढतो, हे सेक्टरांमधून सायकल फिरवणाऱ्याला माहीत आहे. छत्तीसगडी घराची बाडी जशी त्या घराच्या ताटातली भाजी सांगते तशीच हीही अंगणं. पण हळवेपणाचं समर्थन करत बसायची मला गरज नाही, कारण याहून पक्का पुरावा बस्तरमध्ये आहे. कॉफी हे झुडूप. मुलूख आफ्रिकेचा, भारतात घर कोडगू आणि चिकमगळूरचं. बस्तरमध्ये दरभ्याच्या डोंगराळ भागात ती २०१७ च्या सुमारास सावलीखाली लावली गेली, त्यामागे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या जगदलपूरच्या उद्यानविद्या महाविद्यालयाचं काम होतं, आणि आज बस्तरची कॉफी तिच्या नावानं विकली जाते. उत्तरेला जशपूरमध्ये सारूडीहला चहाचा मळा उभा आहे. 'इथलं तेच' हा ठराव तेव्हा कुणी मंजूर करून घेतला असता तर ही दोन्ही झुडपं जिल्ह्याच्या सीमेवरच अडली असती. कुठल्याही नव्या पिकाआधी कुणीतरी कुंडीत, वाफ्यात, बांधावर ते विनाकारण लावून पाहिलेलं असतं. घरगुती बाग ही त्या पाहण्याची सर्वांत स्वस्त जागा आहे, कारण तिथं रोप मेलं तर कुणाची चूल विझत नाही.

चूल विझते ती शेतात, हा भेद मात्र पाळायलाच हवा. ब्राझीलचं पाराना राज्य एके काळी कॉफीचं आगर होतं. १८ जुलै १९७५ च्या पहाटे तिथं असा हिमतडाखा बसला की मळेच्या मळे काळे पडले, जगभर कॉफीचे भाव भडकले, आणि कॉफीचं केंद्र पुढं उत्तरेला मिनास जेराइसकडे सरकलं. तेव्हा मैनपाटच्या शेतकऱ्याला कुणी दरभ्याची उदाहरणं देऊन कर्ज काढायला लावत असेल तर मी त्याच्याविरुद्ध लिहीन. निफाडचा द्राक्षबागायतदार थंडीच्या लाटेत रात्र जागतो, बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सोडतो, कारण त्याचं वर्ष त्या घडांवर टांगलेलं असतं. कुंडीवाल्याचं तसं नाही. पोटाच्या पिकाला जो सावधपणा शोभतो तो हौसेच्या झुडपावर लादला की त्याची नुसती दहशत होते.

मग 'स्थानिकच' या नियमाच्या जागी काय? झाडाचा मूळ पत्ता विचारणं सोडावं आणि लावणाऱ्याला प्रश्न विचारावेत. हे झुडूप कोणत्या महिन्यात आणलं? थंडीच्या रात्री त्याच्या डोक्यावर छत आहे की आकाश? पाणी बोअरचं की पावसाचं? ते आपणहून पसरतं का? पुष्पप्रदर्शनातल्या प्रत्येक कुंडीपुढे नावासोबत या चार उत्तरांची चिठ्ठी लावा. कुणाला बक्षीस द्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं ते आपोआप ठरेल, आणि बघणाराही काही शिकून जाईल.

आणि ज्यांना परकं झुडूप उपटल्यावाचून करमतच नाही, त्यांच्यासाठी कामाला तोटा नाही. वसाहतीच्या भिंतीबाहेर पडलं की नाल्याच्या काठानं घाणेरी आहे, मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत आहे, तळ्यांत जलकुंभी आहे. त्यातल्या एकालाही कधी कुणी झाकलं नाही, पाणी घातलं नाही, थंडीपासून वाचवलं नाही. कुदळ घ्या, हातमोजे घाला, सुरुवात तिथून करा. ते काम तुम्हाला पुरेल, तुमच्या नातवंडांनाही पुरेल.